ढालकिडा जिवंत आहे, पण कामाचा राहिलाय का? फवारणीनंतर मित्रकीटक तपासायची घरची पद्धत

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या यवतच्या रानात अर्धा एकर वांगी होती. पांढरी माशी वाढली म्हणून दुकानातून वाढरोधक गटातलं एक औषध आणून मारलं. "ताई, यानं मित्रकिडीला काही होत नाही," असं दुकानदारानं ठामपणे सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटमध्ये फिरले तर खरंच ढालकिडे, म्हणजे पिकावरची कीड खाणारे मित्रकिडे (लेडीबर्ड), पानांवर हिंडत होते. मेलेला एकही दिसला नाही, मला हायसं वाटलं.

पंधराव्या दिवशी शेंडे माव्यानं, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीनं, भरले. ढालकिडे होते तेवढेच होते, पण त्यांच्या अळ्या कुठेच नव्हत्या. पानं उलटून पाहिली तेव्हा अंड्यांचे पुंजके सापडले, पिवळेच राहून जागच्या जागी सुकलेले. एकही अंडं फुटलं नव्हतं. म्हणजे मोठे किडे वाचले होते आणि त्यांची पुढची पिढी संपली होती. ते मला कळायला पंधरा दिवस गेले.

तेव्हापासून फवारणीनंतर "किती मेले" एवढ्यावर मी थांबत नाही, राहिलेले काय करतायत तेही बघते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दहा-बारा प्लास्टिकचे डबे, एक भिंग आणि रोजचा अर्धा तास पुरतो. पद्धत खाली सविस्तर दिली आहे.

न मारता होणारं नुकसान कसं होतं

औषधाचा जोर फवारलेल्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग ऊन, पाणी आणि पानाची वाढ यांमुळे तो रोज उतरत जातो. त्यामुळे मित्रकिडा मरेल एवढी मात्रा पानावर थोडेच दिवस असते. न मारणारी मात्रा मात्र पुढे बरेच दिवस राहते आणि त्याला त्या पानांवरच जगायचं असतं. त्याला विष तीन वाटांनी मिळतं: थेट अंगावर पडलेला फवारा, पानावर चालताना पायांना लागणारा अंश आणि विष शोषलेला मावा खाल्ल्यावर पोटात जाणारा भाग.

मज्जासंस्थेवर काम करणारी औषधं, म्हणजे सिंथेटिक पायरेथ्रॉइड, ऑर्गॅनोफॉस्फेट, निओनिकोटिनॉइड, कमी मात्रेत किड्याची चाल बिघडवतात. पाय थरथरतात, पानावरून पडतो, उलटा झाला की सरळ होता येत नाही. काही वेळा तो शिकार सोडून सारखे पाय आणि मिशा पुसत बसतो. पायरेथ्रॉइडच्या वासा-स्पर्शानं काही जण प्लॉट सोडूनच जातात. आपण मात्र "आता दिसत नाहीत म्हणजे मावा संपला असेल" असा अर्थ लावतो.

मुळाशी दिलेलं आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारं) औषध मित्रकिड्यांना लागत नाही, असा समज फार पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. फुलकिडे खाणारा ओरिअस हा छोटा ढेकूण अधूनमधून झाडाचाही रस घेतो, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं औषध त्याच्या पोटात झाडातून जातं. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याची अळी मावा खाते, पण मोठा झालेला क्रायसोपा फुलातला मध आणि पराग खातो. त्याला ते तिथून मिळतं.

यात सगळ्यात फसवा गट वाढरोधकांचा. नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, ब्युप्रोफेझिन ही औषधं किड्याच्या कवचातलं कायटीन तयार होऊ देत नाहीत, तर पायरीप्रॉक्सिफेन किड्याला लहान अवस्थेत ठेवणाऱ्या बालसंप्रेरकाची नक्कल करतं. मोठ्या किड्याला कात टाकायची नसते, म्हणून तो ठणठणीत दिसतो. पण मादीच्या पोटातून अंश अंड्यात उतरतो आणि अंडं फुटत नाही. किंवा अळी कातीत अडकते, कोषातून किडा बाहेरच येत नाही. कॅलिफोर्नियाच्या संत्र्याच्या बागा 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्यानं वाचवल्या होत्या. शंभरेक वर्षांनी, 1990च्या दशकाच्या शेवटी, तिथे हे वाढरोधक वापरात आले आणि व्हेडालियाची पुढची पिढी तयार होईना, तेव्हा तीच जुनी कापसासारखी खवलेकीड पुन्हा उसळली.

जुन्नरकडच्या द्राक्षवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. बुरशीनाशकंही यातून सुटत नाहीत. लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी कीड खाणाऱ्या भक्षक कोळ्यांवर मॅन्कोझेबच्या वारंवार फवाऱ्यांचा वाईट परिणाम होतो. कीटकनाशक मारलं नाही म्हणून मित्र सुरक्षित राहिले, असं धरून चालू नका.

बाटलीवरचं लेबल यात काय मदत करतं

फारशी नाही. लेबलवरचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या विषारीपणाचे आहेत, उंदरांवरच्या चाचणीवरून ठरवलेले. हिरवा त्रिकोण ढालकिड्याबद्दल काहीच सांगत नाही. वाढरोधकांतली बरीचशी औषधं माणसाला कमी विषारी आहेत, म्हणूनच ती "सेफ" म्हणून खपतात. काढणीपूर्व कालावधीचे (शेवटची फवारणी ते काढणी यांतले) दिवसही आपल्या ताटातल्या अंशासाठी असतात. मित्रकिडा सोडण्याआधी किती थांबायचं, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

लेबलवरून दोन गोष्टी वहीत उतरवून ठेवा: औषधातला मूळ घटक आणि एकरी मात्रा. व्यापारी नावं बदलतात. मूळ घटक कळला की तो मज्जासंस्थेवरचा आहे की वाढरोधक, आणि डब्यात काय शोधायचं, ते ठरवता येतं.

आधी किडा ओळखा

आपल्याकडे चवळी, वांगी, मका, भेंडी यांवर सगळ्यात जास्त दिसतो तो पिवळसर-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला ढालकिडा. सुरुवात त्याच्यापासून करा. तो भरपूर सापडतो आणि डब्यातही रमतो. वांग्यावर मात्र जपून. अठ्ठावीस ठिपक्यांचा, मळकट, बारीक लव असलेला भुंगेरा दिसला तर तो पानं खरवडणारा हड्डा भुंगेरा आहे. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. मित्रकिड्याची पाठ चकचकीत असते, आणि त्याची काळपट लांबोडी अळी सुसरीच्या पिल्लासारखी दिसते.

सीताफळवाल्या पुरंदरकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पिठ्या ढेकणावर सोडतात त्या क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणकट धाग्यांनी झाकलेली असते. मोठा पिठ्या ढेकूण समजून तिच्यावरच फवारा मारलेला मी पाहिला आहे. काडीनं हलकेच डिवचून बघा. चपळाईनं पळाली तर ती अळी आहे.

माव्याची सोय

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा खाद्यामुळे. बाहेरच्या कुठल्याही झाडावरचा मावा आणला तर त्याच्यावर काय मारलंय हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून महिनाभर आधी पाच-सहा कुंड्यांत बिनऔषधाची चवळी लावा आणि तिच्यावर काळा मावा वाढू द्या. बियाणं प्रक्रिया केलेलं नको, नाहीतर त्यावरचं आंतरप्रवाही औषध माव्यातून किड्यात जाईल. घरचंच बी घ्या.

बांधावरच्या रुईवर पिवळाधमक मावा वर्षभर मिळतो, म्हणून तो उचलायचा मोह होतो. तो वापरू नका. रुईच्या चिकातलं विष तो मावा अंगात साठवतो. ते खाऊन ढालकिडे मलूल झाले तर दोष औषधाचा की रुईचा, ते कळणार नाही.

बाकी साहित्य साधं आहे: पाव किलोचे झाकणाचे पारदर्शक डबे, झाकणाला मोठं भोक पाडून लावलेलं मलमल, चित्रकलेचा बारीक ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, ओल्या कापसाचे बोळे आणि फोनमधलं घड्याळ. डबे स्वयंपाकघरात ठेवू नका, फवारलेली पानं हाताळताना हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. एप्रिल-मेमध्ये दौंडच्या उन्हात बंद डब्यातले किडे तासाभरात उष्णतेनंच मरतात. घरातली थंड, सावलीची जागा बघा.

रानातली मोजणी, फवारणीच्या आदल्या सकाळी

प्लॉटमधून नागमोडी चालत वीस झाडं घ्या. प्रत्येकाचा शेंडा, एक मधलं आणि एक खालचं पान उलटून पाहा. वहीत अंडीपुंज, अळ्या, कोष आणि मोठे किडे यांचे वेगवेगळे रकाने करा. हे वेगळेपण फार महत्त्वाचं आहे. आमच्या वांग्यात मी फक्त "ढालकिडे: भरपूर" असं लिहिलं होतं. त्या एका शब्दात सगळं लपून गेलं. तीच वीस झाडं तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा मोजा. मोठे तेवढेच आणि अळ्या गायब, असं दिसलं की डबे उघडायची वेळ झाली.

प्लॉटच्या कडेच्या दोन सरी फवारणीतून वगळा. वाऱ्यानं फवारा तिथे जाणार नाही अशी बाजू निवडा. तुलनेला बिनफवाऱ्याचं रान नसेल तर मोजणीतून काहीच सिद्ध होत नाही.

डबे भरणं

न फवारलेल्या रानातून सकाळी ढालकिडे गोळा करा, शक्यतो जोडी लागलेली असतानाच. नर-मादी ओळखायची कटकट वाचते. दहा जोड्या पुरतात, पाच औषधाच्या डब्यांत आणि पाच पाण्याच्या.

औषधाच्या डब्यात प्लॉटमधलं फवारा पूर्ण वाळलेलं पान ठेवा, पाण्याच्या डब्यात वगळलेल्या सरीतलं, नुसतं पाणी मारलेलं. देठ ओल्या कापसात गुंडाळा. दोन्हींत कुंडीतला सारखा मावा, एकच जागा, एकच वेळ. पाण्याच्या डब्यांतही दोनपेक्षा जास्त किडे मेले तर तो प्रयोग सोडून द्या आणि हाताळणी सुधारा. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचाच असेल.

पहिली परीक्षा: उलटा टाका

चोवीस तासांनी एकेक किडा जाड कागदावर ब्रशनं हलकेच पाठीवर उलटा करा आणि घड्याळ लावा. निरोगी ढालकिडा क्षणभर पाय आखडतो, मग पाय हलवत एखादा पंख उचकतो, त्याच्या टेक्यावर कलंडतो आणि सरळ होऊन चालू लागतो. बिघडलेला किडाही पाय हलवतो, पण ते एका तालात पडत नाहीत. पंख उघडतो आणि मिटायचं विसरल्यासारखा तसाच राहतो. एक मिनिटाची मर्यादा धरा. प्रत्येकाला तीनदा टाका आणि मधली वेळ लिहा.

सकाळच्या गारठ्यात सगळेच मंद असतात. म्हणून औषधाचा एक, पाण्याचा एक, असं आलटून पालटून घ्या. सरळ झाल्यावर त्याला उभ्या काडीच्या बुडाशी सोडा. ढालकिड्याला वर चढायची ओढ असते आणि मावा शेंड्यावरच असतो. अर्ध्यातून घसरणारा किडा शेंड्यापर्यंत पोचणार नाही.

दुसरी परीक्षा: भूक

बारा तास फक्त ओला बोळा देऊन किड्यांना उपाशी ठेवा. मग प्रत्येकाला मोजून पन्नास मावे द्या, सगळे साधारण एका आकाराचे. चोवीस तासांनी उरलेले मोजा. इथे एक गफलत हमखास होते. मावा अंडी न घालता थेट पिल्लं देतो, त्यामुळे रात्रीत डब्यात बारीक पिल्लं वाढलेली असतात. ती मोजायची नाहीत. शिवाय एक डबा नुसत्या माव्याचा ठेवा, ढालकिडा न सोडता. त्यात आपोआप मेलेले जेवढे निघतील तेवढे प्रत्येक डब्यातल्या खाल्लेल्या माव्यांच्या आकड्यातून वजा करा.

तिसरी परीक्षा: अंडी आणि अळ्या

माझ्या मते हीच खरी परीक्षा. बरेच दिवस चालते आणि कंटाळा येतो, पण वाढरोधकांचं खरं रूप इथेच दिसतं.

डब्यात घडी घातलेली कागदाची पट्टी ठेवा, माद्या तिच्या घडीत अंडी घालतात. रोज सकाळी पट्टी काढून नवी ठेवा, नाहीतर किडे स्वतःचीच अंडी खातात. प्रत्येक पट्टीवर तारीख, डब्याचा क्रमांक आणि अंड्यांची संख्या लिहा आणि ती वेगळ्या डबीत ठेवा.

उन्हाळ्यात अंडी दोन-चार दिवसांत फुटतात. भिंगाखाली पाहा. ताजी अंडी पिवळीधमक, उभी आणि एकमेकांना खेटून असतात. फुटायच्या आधी ती राखाडी होतात, आत अळीची काळी सावली दिसते. मग टोकाकडून चिरून ओलसर अळी बाहेर येते आणि बराच वेळ रिकाम्या टरफलावर बसून राहते. आमच्या वांग्यातली अंडी त्या राखाडी रंगापर्यंत पोचलीच नव्हती. पिवळं राहून आक्रसलेलं अंडं आणि राखाडी होऊन न फुटलेलं अंडं यांची नोंद वेगळी करा. दुसऱ्या प्रकारात गर्भ तयार होऊन अडकलेला असतो, आणि ती खूण कायटीन रोखणाऱ्या औषधांकडे बोट दाखवते.

फुटलेल्या अळ्या एकेकट्या ठेवा, एकमेकींना खातात. चार अवस्था पार करून त्या कोषात जातात. कात अर्धवट टाकून शेपटाशी अडकलेली अळी, काळा पडलेला कोष, चुरगळलेल्या पंखांचा किडा असं काही दिसलं की लिहून ठेवा. रानातून आणलेल्या कोषाला बारीक भोक असेल आणि आतून किडा न येता चिमुकल्या गांधीलमाश्या आल्या असतील, तर तो परोपजीवी कीटक आहे, त्यासाठी औषधाला दोष देऊ नका.

पंधराव्या दिवसानंतर औषधाच्या डब्यातल्या माद्या स्वच्छ पान आणि स्वच्छ माव्यावर हलवा आणि पुढच्या आठवड्याची अंडी पाहा. ती फुटू लागली तर परिणाम तात्पुरता आहे.

हिशोब

समजा पाण्याच्या डब्यांत दहापैकी दहा किडे जगले, मादीमागे 100 अंडी आली आणि 80 टक्के फुटली. औषधाच्या डब्यांत नऊ जगले, मादीमागे 60 अंडी आली, 40 टक्के फुटली. आता तिन्ही गुणोत्तरं गुणा: 0.9 गुणिले 0.6 गुणिले 0.5, म्हणजे 0.27. डोळ्यांना दहातले नऊ जिवंत दिसतात, पण पुढच्या पिढीची ताकद चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरली आहे. आयओबीसी ही जैविक नियंत्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची प्रतवारी अशीच मृत्यू आणि प्रजनन एकत्र धरून लावते. 30 टक्क्यांपेक्षा कमी घट निरुपद्रवी, 30 ते 79 किंचित हानिकारक, 80 ते 99 मध्यम हानिकारक, 99च्या वर हानिकारक. आपली 73 टक्के घट तिथे "किंचित" मध्ये बसते. शेतकरी म्हणून मला ती किंचित वाटत नाही, कारण मावा दर आठवड्याला नवी पिढी काढतो.

पाच जोड्यांच्या प्रयोगात थोडाफार फरक योगायोगानंही येतो. म्हणून पाच-दहा टक्क्यांच्या फरकावर काही ठरवू नका. निम्म्यानं फरक पडला आणि दुसऱ्यांदा केल्यावरही तोच आला, तर मात्र विश्वास ठेवा.

मग फवारणीत काय बदलायचं

पहिलं म्हणजे दोन-तीन औषधं एका पंपात मिसळणं थांबवा. डब्यात तपासलेल्या एका औषधाचा परिणाम कळतो, मिश्रणाचा काहीच अंदाज लागत नाही. दुसरं, सगळा प्लॉट धुवायच्या ऐवजी कीड असलेल्या ओळीच फवारा आणि एकाआड एक पट्टे ठेवा. वाचलेल्या पट्ट्यातून मित्रकिडे परत येतात. आंतरप्रवाही औषध द्यायचंच झालं तर फुलोऱ्याच्या आधी द्या. पायरेथ्रॉइड हा शेवटचा उपाय समजा. त्यानंतर लाल कोळी उसळतो हे आपल्यातल्या बहुतेकांनी अनुभवलंय, कारण कोळी खाणारे आधी जातात.

माव्यासाठी फ्लोनिकॅमिडसारखे तुलनेनं सौम्य घटक आहेत. लेबलवर आपल्या पिकाचं नाव असेल तरच ते घ्या, आणि तेही डब्यात तपासा. निंबोळी अर्काचीही तीच गोष्ट. त्यातलं अझाडिरेक्टिन कात टाकण्यात अडथळा आणतं, आणि ढालकिड्याच्या कोवळ्या अळीलाही कात टाकायचीच असते. उन्हात त्याचा अंश लवकर उतरतो हा त्याचा फायदा, म्हणून तो संध्याकाळी आणि अळ्या कमी असताना मारावा.

क्रायसोपाची अंडीकार्डं किंवा क्रिप्टोलेमस विकत आणणार असाल तर सोडायचा दिवस अंदाजानं ठरवू नका. फवारणीनंतर सातव्या आणि चौदाव्या दिवशीची पानं डब्यात ठेवून तपासा. ज्या दिवशीच्या पानावर किडे पाण्याच्या डब्यासारखे वागतील, त्यानंतरच सोडा. मुंग्याही आवरा. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या मित्रकिड्यांना हुसकावतात.

टोमॅटोवाल्यांसाठी वेगळी सूचना. टुटा ही टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी नागअळी भारतात पहिल्यांदा 2014 मध्ये नोंदली गेली, तीही पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत. तिची अंडी आणि बारीक अळ्या खाणारा हिरवट मिरीड ढेकूण झाडाचाही रस घेतो, म्हणून त्याला झाडातून औषध मिळतं. त्याच्या डब्यात फवारलेल्या पानाऐवजी मुळाशी औषध दिलेल्या झाडाचा कोवळा शेंडा ठेवा. शिकार नसली तर हाच ढेकूण शेंड्यांवर तपकिरी कडी उमटवतो, म्हणून तो किती आहे यावर नजर हवीच.

आमच्या भागात हे पटवायला मला फार बोलावं लागत नाही, कारण 2002 नंतरचा उसावरचा लोकरी मावा सगळ्यांना आठवतो. उंच उसात पंप घेऊन शिरता येत नव्हतं आणि शेवटी काम केलं ते डिफा आणि मायक्रोमस या भक्षकांनी. डिफाच्या अळ्या दिसल्या की फवारणी थांबवायची, हे तेव्हा आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, पाळलं होतं. माझे डबे पाहून ते आता म्हणतात, "आम्ही दिसलं की थांबायचो, तू मोजून थांबतेस." किडा ओळखता येत नसेल तर कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. डबीत थोडा मावा ठेवून जिवंतच न्या.

प्रयोग संपल्यावर औषधाच्या डब्यांना लाल खूण करा आणि ते कायम त्याच कामाला ठेवा, कितीही धुतले तरी पाण्याच्या गटासाठी वापरू नका. आत उरलेली फवारलेली पानं खड्ड्यात पुरा. पाण्याच्या डब्यांतले किडे आणि अळ्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर, ज्या सरीतून उचलले होते तिथेच, मावा असलेल्या शेंड्यावर ब्रशनं एकेक करून सोडा.